धूर कुणाच्या खात्यावर

आबांचा फोन आला तेव्हा मी कॉफीच्या रांगेत उभा होतो. डिसेंबर 2023. दुबईच्या एक्स्पो सिटीत कॉप-28, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद, चालू होती. तिचा ग्रीन झोन सगळ्यांना खुला झाल्यावर एका सुट्टीच्या दिवशी मी मेट्रोने तिथे जाऊन पोचलो होतो. आबा म्हणजे माझे चुलते, राजापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, पेपर पहिल्या पानापासून निविदांच्या जाहिरातींपर्यंत वाचणारे. "अरे, तुमच्याकडचा फोटो आलाय," ते म्हणाले. "ते अध्यक्ष शेख म्हणे तेल कंपनीचेच प्रमुख आहेत. खरं काय?" मी म्हटलं, खरं. "मग ते काय स्वतःचंच दुकान बंद करायचा ठराव मांडणार?" मी हसलो. शेजारून कुठल्याशा शाळेतली मुलं रांगेने गोंगाट करत चालली होती, त्यामुळे त्यांचं पुढचं वाक्य नीट ऐकू आलं नाही. त्यांनी ते पुन्हा म्हटलं. "म्हटलं, आपल्याकडे रिफायनरीत पैसे घालायला येणार होते ते हेच ना?" "हो आबा, हेच." "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. हे 'बरं' मला लहानपणापासून माहीत आहे. उत्तर बरोबर पण रीत चुकलेल्या पोराची वही परत करताना ते असंच म्हणत. कॉफी घेतली, बाकावर बसलो, पण डोकं त्या 'बरं'पाशी अडकून पडलं.

समोर सगळं देखणं होतं, हे मान्य करायला हवं. जागोजागी पाण्याच्या बाटल्या भरून घ्यायचे नळ, हसतमुख स्वयंसेवक मुली, भिंतीभिंतीवर 'शाश्वततेचं वर्ष' असा शिक्का. 2023 हे वर्ष देशाने त्या नावाने जाहीरच केलं होतं, आणि पुढे 2024 पर्यंत लांबवलं. लांबवर अल वस्लचा घुमट दिसत होता. त्या बाजूला ब्लू झोन, म्हणजे खरी वाटाघाट. तिथे गळ्यात संयुक्त राष्ट्रांचं ओळखपत्र नसेल तर प्रवेश नाही. आम्ही बाहेरचे. माझी नजर मात्र सवयीने छताकडे गेली, डक्ट कुठून आलाय आणि हवा परत कुठून ओढतायत ते बघायला. मी एसीच्या धंद्यातला माणूस. इमारतीचा हीट लोड काढायचा, त्यावर किती टनाचं चिलर लागेल ते सांगायचं, यावर माझं घर चालतं. सोप्या भाषेत सांगायचं तर मी गारवा मोजून विकतो.

या धंद्यातल्या माणसाला आखाती उन्हाळ्याविषयी काव्य सुचत नाही. जुलैत कुठल्याही टॉवरच्या गच्चीवर जाऊन उभं राहावं. बाहेरची हवा आधीच पंचेचाळीसच्या पुढे, आणि वर चिलरचे पंखे आतली सगळी उष्णता तोंडावर फेकत असतात. रेलिंगला हात लावायची सोय नाही. पेन खिशात ठेवलं तर शाई पसरते. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम कायद्यानेच बंद. त्या वेळात साइटवरची माणसं सावली सापडेल तिथे, प्लायवूडच्या आडोशाला, पुठ्ठ्यावर आडवी झालेली असतात. खाली, त्याच इमारतीत, लॉबीतली रिसेप्शनिस्ट खांद्यावर शाल घेऊन बसलेली असते. आमचेच आकडे असतात ते. मालकाला गार हवं असतं, आणि गार कमी पडलं तर शिव्या आम्हाला. मग आम्ही वर थोडं जास्तीचं धरतो. त्यातूनही हिरव्या इमारतीचं प्रमाणपत्र मिळतं. अबू धाबीत 'एस्तिदामा'चे मोती (म्हणजे श्रेणी), दुबईत 'सआफात'. त्यांच्या नियमांनी काचा बदलल्या, भिंतींची जाडी बदलली, विजेचा वापर खरंच खाली आला. मी स्वतः ते आकडे भरलेत, त्यामुळे ही नुसती धूळफेक आहे असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

झाडांचंही तेच. इथे आल्यावर पहिल्या वर्षी मला रस्त्याकडेची हिरवळ बघून भरून यायचं. मग एकदा गाडी बंद पडली आणि टोइंगवाल्याची वाट बघत कडेला बसावं लागलं, तेव्हा खाली पाहिलं. प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी काळी नळी. बोटाएवढी जाड, वाळूत अर्धी बुडालेली, तिला टाचणीएवढं भोक, त्यातून थेंब. बोगनवेलीला नळी, खजुराला नळी, गवताच्या खाली तर नळ्यांची जाळीच. नळीत येणारं पाणी बहुतेक ठिकाणी शहराचं सांडपाणी शुद्ध करून घेतलेलं. ते सांडपाणी म्हणजे आधी आमच्या नळाला आलेलं पाणी, ते समुद्राचं गोडं केलेलं, आणि गोडं करायला लागणारी उष्णता नि वीज बरीचशी गॅस जाळून. म्हणजे एका बोगनवेलीच्या फुलापासून नळी धरून मागे मागे चालत गेलं तर माणूस गॅसच्या विहिरीशी पोचतो. अपवाद तिवरांचा. उम्म अल कुवेनच्या खाडीत किंवा अबू धाबीच्या जुबैलला लाकडी पुलावरून तिवरांत शिरलं की मला घर आठवतं, कारण झाड आपलंच आहे, खाडीकाठी आपण ज्याला तिवर म्हणतो तेच. फक्त इथे ते खुजं राहतं. खारटपणा नि ऊन दोन्ही जास्त. पान उलटं करून जीभ लावली तर मीठ लागतं. त्याला नळी लागत नाही. 2030 पर्यंत दहा कोटी तिवरं लावायचा संकल्प या देशाने सोडलाय, इंडोनेशियाला बरोबर घेऊन तिवरांसाठी देशांची आघाडी काढली, भारतही तिच्यात आहे.

आता 'डॉक्टर सुलतान'. आबा त्यांना शेख म्हणाले, ते शेख नाहीत. इथे सगळे त्यांना डॉक्टर सुलतान म्हणूनच ओळखतात. सुलतान अल जाबेर. तेल कंपनीचे, म्हणजे अ‍ॅडनॉकचे प्रमुख ते नंतर झाले. त्याच्या आधी, 2006 साली, 'मसदर' नावाची सौर-पवन ऊर्जेची सरकारी कंपनी उभी राहिली तिचे पहिले मुख्याधिकारी तेच. 2008 मध्ये अबू धाबीच्या विमानतळाजवळ मसदर सिटीचं काम सुरू झालं. शून्य कार्बन, शून्य कचरा, सगळं 2016 पर्यंत पूर्ण. तेवढ्यात जगभर मंदी आली, मुदती सरकल्या, शून्याची भाषा मवाळ झाली. गावाकडचे पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतो. अरुंद गल्ल्या, सावल्या, मधोमध 45 मीटर उंचीचा वाऱ्याचा बुरूज, आणि खाली विनाचालक छोट्या गाड्या ज्या दोन थांब्यांमध्ये ये-जा करतात. पाहुणे गाडीत बसून फोटो काढतात आणि विचारतात, लोक कुठे आहेत? लोक आहेत, पण कमी. त्याच मसदर सिटीत 'इरेना'चं मुख्यालय आहे, जगभरच्या देशांची अक्षय ऊर्जा संस्था. 2009 मध्ये बॉनला ती स्थापन झाली तेव्हा जर्मनीलाही मुख्यालय हवं होतं. अबू धाबीने ते मिळवलं. तेलावर उभ्या राहिलेल्या राजधानीत सूर्य-वाऱ्याची जागतिक कचेरी आणणं ही साधी गोष्ट नव्हती. मला तर वाटतं, आखाताची हवामानातली मुत्सद्देगिरी जर कुठून नीट मोजायची असेल तर तिथपासून मोजावी.

आणि कागदावरचं सगळं वाळवंटात उभंही राहिलं. स्वेहानला 'नूर अबू धाबी' 2019 पासून चालू आहे, बत्तीस लाख पॅनल. अल धफ्राचा प्रकल्प 2023 मध्ये आला, दोन गिगावॅटचा, त्याची वीज युनिटला दीड सेंटपेक्षाही स्वस्त पडावी अशी निविदा लागली. रात्री पॅनलवरची धूळ झाडायला रोबोट फिरतात, पाण्याशिवाय, नुसत्या ब्रशने. बराकाच्या चार अणुभट्ट्या देशाची चतुर्थांश वीज देतात. माझ्या तालुक्यातला माणूस हे वाचून क्षणभर थांबेल. जैतापूरच्या अणुप्रकल्पाचा फ्रेंचांशी करार 2010 मध्ये झाला. बराकाचं पहिलं काँक्रीट 2012 चं, आणि 2020 मध्ये वीज तारांत आली. आमच्याकडे अजून माडबनच्या सड्यावर वारा आहे. त्या वाऱ्याबद्दल मला वाईट वाटतं की बरं, हे मी स्वतःला अजून नीट विचारलेलं नाही.

हे सगळं खरं आहे. खोटं यात काहीच नाही.

पण त्याच डॉक्टरांच्या त्याच कंपनीने पाच वर्षांत दीडशे अब्ज डॉलर ओतून तेल काढायची क्षमता दिवसाला पन्नास लाख पिंपांवर न्यायचं ठरवलंय, आणि मुदत 2030 वरून अलीकडे, 2027 वर आणलीय. परिषद चालू असताना 6 डिसेंबरला ओपेकच्या, म्हणजे तेल निर्यातदार देशांच्या संघटनेच्या, सरचिटणीसांनी सदस्य देशांना पत्र धाडलं की खनिज इंधनांवर नेम धरणारा कुठलाही मजकूर मान्य करू नका. सौदीचे ऊर्जामंत्री, प्रिन्स अब्दुलअझीझ, त्यांना त्याच आठवड्यात मुलाखतीत विचारलं की तेल टप्प्याटप्प्याने कमी करायचा मजकूर स्वीकाराल का. अजिबात नाही, म्हणाले. अल जाबेर यांचं आधीचं एक बोलणंही तेव्हाच बाहेर आलं, की खनिज इंधनं संपवूनच तापमानवाढ दीड अंशात रोखायचं लक्ष्य गाठता येतं असं कुठलं शास्त्र सांगत नाही. गदारोळ झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुलासा केला की आपला शास्त्रावर पूर्ण विश्वास आहे, विपर्यास झालाय. 11 तारखेचा मसुदा इतका मिळमिळीत होता की बेटांच्या प्रतिनिधींनी त्याला आपल्या मृत्यूचा दाखला म्हटलं. मग दोन रात्री जागून 13 डिसेंबरच्या सकाळी ते वाक्य आलं, ऊर्जाव्यवस्थेत खनिज इंधनांपासून न्याय्य आणि सुव्यवस्थित रीतीने दूर सरकण्याचं. अठ्ठावीस परिषदांमध्ये असं वाक्य पहिल्यांदा आलं, आणि ते आलं एका तेल कंपनीच्या प्रमुखाच्या हातोड्याखाली. मी ऑफिसात मोबाइलवर बघत होतो. हातोडा पडला, टाळ्या झाल्या. आणि थोड्या वेळाने सामोआच्या प्रतिनिधी ॲन रासमुसेन बोलायला उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या की आमचा जरा गोंधळ उडालाय. निर्णय झालेला दिसतो, आणि छोट्या बेटांचे देश सभागृहात पोचलेच नव्हते. त्यांच्या भाषणानंतर सभागृह उठून उभं राहून टाळ्या वाजवत होतं. निर्णय मात्र झालेला होता.

आखातातल्या हातोड्याची ही दुसरी वेळ. 2012 मध्ये दोह्याला परिषद भरली होती, अध्यक्ष कतारचे माजी ऊर्जामंत्री अब्दुल्ला अल अतिया. शेवटच्या दिवशी रशियाचा प्रतिनिधी हरकत घ्यायला हात वर करत होता, आणि अतियांनी एकामागून एक ठराव हातोडा आपटत पुढे काढले. उत्सर्जन कमी करायच्या क्योटो कराराला मुदतवाढ मिळाली ती अशी. पर्यावरणवाल्यांनी तेव्हा अतियांना डोक्यावर घेतलं होतं. म्हणजे हातोडा कुणाला लागला यावर आपण ठरवतो की तो बरोबर होता की चूक.

या परिषदांत असा हातोडा लागतोच का, याच्यामागे एक गंमत आहे आणि ती आखाताचीच आहे. 1995 ला बर्लिनमध्ये पहिली परिषद भरली तेव्हा कामकाजाच्या नियमांतला बेचाळिसावा नियम, मतदानाचा, अडला. बहुमताने निर्णय घ्यायला तेल-उत्पादक देशांचा, त्यात सौदी पुढे, ठाम विरोध. तो नियम आजतागायत मंजूर नाही. दर वर्षी परिषद तात्पुरते नियम लावून घेते, बेचाळिसावा सोडून. म्हणून सगळ्यांची संमती लागते, आणि संमती म्हणजे काय हे अध्यक्ष ठरवतात. कोकणातल्या माणसाला हे शिकवायला नको. सातबाऱ्यावर सतरा नावं, सोळा जण तयार, एक भाऊबंद मुंबईत बसून सही करत नाही. त्याला जमीन विकायचीच नाही असं नसतं, त्याला फक्त आपल्याला विचारल्याशिवाय काही व्हायला नको असतं. सौदीचे मुत्सद्दी तीस वर्षं हेच करत आलेत, आणि त्यात त्यांच्याइतकं कसलेलं कुणी नाही. मूळ 1992 च्या हवामान करारातच त्यांनी एक कलम घालून घेतलंय, की ज्यांचं पोट खनिज इंधनांच्या मिळकतीवर आहे त्यांचाही विचार व्हावा. म्हणजे तुम्ही तेल कमी जाळलंत तर आमचं जे नुकसान होईल त्याचं काय? वाचताना हसू येतं. पण ही मागणी रेटत रेटत 2018 ला कातोवित्सेमध्ये तिच्यासाठी तज्ज्ञांची कायम समिती बसली. हसणारे आपण, समिती त्यांची.

पण आबांचा प्रश्न वेगळा होता, आणि त्याचं उत्तर वाटाघाटीत नाही. ते हिशेबाच्या वहीत आहे.

देशाचं उत्सर्जन मोजायची जगन्मान्य रीत अशी की जिथे जळतं तिथे मोजायचं. अमिरातींनी 2021 मध्ये 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा शब्द दिला, सौदीने त्याच महिन्यात 2060 चा. दोन्ही शब्द ते पाळूही शकतात. कारण मुंबईच्या टँकरमधून उतरून राजापूरच्या पंपावर माझ्या चुलतभावाच्या बाइकमध्ये गेलेलं तेल जळतं महाराष्ट्रात आणि लागतं भारताच्या खात्यावर. विकणाऱ्याच्या वहीत ते फक्त जमा. जे सौदी अरेबिया स्वतःच्या विजेसाठी तेल जाळत आलंय त्याने तिथे सौर पॅनल लावलं तर घरचा धूर कमी होतो, आणि वाचलेलं पिंप जहाजावर चढतं. सौर ऊर्जा त्यांना तेलाच्या विरुद्ध वाटत नाही, त्याचं हेच कारण. त्यांच्या दृष्टीने ते विकायच्या मालातली घरची खपत कमी करणं आहे. अजून एक पान तर कुणाच्याच खात्यात नसतं. आंतरराष्ट्रीय जहाजांत आणि विमानांत भरलेलं इंधन कुठल्याही देशाच्या बेरजेत धरत नाहीत, वेगळं लिहून ठेवतात. फुजैरा हे जहाजांत इंधन भरायचं जगातल्या मोठ्या बंदरांपैकी एक, आणि दुबईचा विमानतळ कसा गजबजलेला असतो ते आपण सगळे जाणतोच. मी गणपतीला मुंबईला येतो, मे महिन्यात हापूसच्या पेट्या उलट्या दिशेने दुबईला जातात. या सगळ्याचा धूर त्या वेगळ्या पानावर.

म्हणून मला ढोंग हा शब्द पटत नाही. ढोंगी माणसाला आत कुठेतरी खात असतं. इथे कुणाला काही खात नाही, कारण वही चोख आहे. अमिरातींचे अध्यक्ष मोहम्मद बिन झायेद 2015 मध्ये, तेव्हा अबू धाबीचे युवराज असताना, म्हणाले होते की पन्नास वर्षांनी तेलाचं शेवटचं पिंप जहाजावर चढेल तेव्हा आपण दुःख करू का? आज नीट गुंतवणूक केली तर आपण तो क्षण साजरा करू. मला ते वाक्य मनापासूनचं वाटतं. फक्त त्यात शेवटचं पिंप चढणार हे गृहीतच आहे. जमिनीत राहणार नाही.

2018 मध्ये आधी सौदीच्या अरामकोने आणि मग अ‍ॅडनॉकने रत्नागिरीच्या रिफायनरीत मिळून निम्मी भागीदारी घ्यायचे करार केले. वर्षाला सहा कोटी टन तेल शुद्ध करायची क्षमता. नाणार पेटलं, 2019 ला तिथली अधिसूचना रद्द झाली, पुढे बारसू-सोलगावचं नाव आलं. आमचं गाव खाडीच्या पलीकडे, आमची एक गुंठाही जागा त्यात जात नव्हती, त्यामुळे मी यावर बोलतो तेव्हा तटस्थ असल्यासारखा बोलतो आणि आबा मला बोलू देतात. एप्रिल 2023 मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाची यंत्रं आली तेव्हा बायका रस्त्यावर आडव्या पडल्या. त्या सड्यावर कातळात कोरलेली चित्रं आहेत, युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्यांचं नाव गेलंय. मी हे सगळं दुबईत जेवणाच्या सुट्टीत, गार खोलीत, डबा खात बघत होतो. वही इथेही चोखच होती: कच्चं तेल विकणाऱ्याला खात्रीचं गिऱ्हाईक मिळतं, आणि शुद्धीकरणाचा धूर लागतो सड्याच्या मालकांच्या देशाला.

तरी बोट कुणाकडे दाखवायचं हा प्रश्न उरतो, आणि तो मला अडचणीत आणतो. त्या परिषदांमध्ये भारत कुठे बसतो? समविचारी विकसनशील देशांच्या गटात. सौदी अरेबिया त्याच गटात. 1992 च्या करारातल्या यादीप्रमाणे सौदी, कतार, अमिराती सगळे 'विकसनशील', त्यांना पैसे द्यायचं बंधन नाही. त्यामुळे दुबईत पहिल्याच दिवशी हानी-नुकसान निधीत, म्हणजे हवामानबदलाचा फटका बसलेल्या देशांसाठीच्या निधीत, अमिरातींनी दहा कोटी डॉलर टाकले, जर्मनीच्या बरोबरीने, आणि अमेरिकेने पावणेदोन कोटी, तेव्हा मला बरं वाटलं. जे देणं लागत नाही ते दिलं, याला काहीतरी म्हणायला हवंच. आणि रिफायनरी आपल्या दारात आली ती कुणी जबरदस्तीने आणली नव्हती. आपल्याच सरकारी तेल कंपन्यांनी आमंत्रण दिलं होतं. फरक असलाच तर इतकाच की बारसूत आडवं पडता येतं. पोलीस उचलतात, गुन्हे दाखल होतात, पण पडता येतं. इथे ब्लू झोनच्या कुंपणाआत, संयुक्त राष्ट्रांनी आखून दिलेल्या जागेत, घोषणा झाल्या. कुंपणाबाहेर नाही. बराका उभं राहिलं याचं हेही एक कारण, आणि जैतापूर अडलं याचंही. मला दोन्ही देशांचे फायदे हवे असतात. बहुतेक अनिवासी माणसांना हवे असतात.

परिषद संपून चार महिने झाले आणि 16 एप्रिल 2024 ला पाऊस आला. अल ऐनजवळ चोवीस तासांच्या आत 254 मिलिमीटर. कोकणात जुलैतला एक मोठा दिवस, इथे पंचाहत्तर वर्षांच्या नोंदीत असं नव्हतं. रस्त्यांना गटारं नावालाच, कारण लागलीच नव्हती. आमच्या तळघरातल्या गाड्या छपरापर्यंत गेल्या. शेजारचा केरळी मनुष्य नि मी गुडघाभर पाण्यात उभं राहून मोबाइलच्या उजेडात इलेक्ट्रिक पॅनल शोधत होतो, आणि तो म्हणाला, चेट्टा, हे तर घरासारखंच झालं. नंतर सरकारने पावसाच्या पाण्याचा निचरा करायला तीस अब्ज दिरहमची योजना जाहीर केली, 2033 पर्यंत पूर्ण करायची. ती ते करतील, मला शंका नाही. पैसा आहे, आणि मध्ये कुणी आडवं पडणार नाही. सामोआकडे तीस अब्ज नाहीत.

2024 च्या डिसेंबरात रियाधला वाळवंटीकरणाची परिषद झाली, दुष्काळासाठी बारा अब्जांहून जास्त डॉलरची आश्वासनं जमली, बंधनकारक करार मात्र जमला नाही. प्लास्टिकच्या कराराचंही बुसान आणि जिनिव्हात तेच झालं, उत्पादनावर मर्यादा नको म्हणणाऱ्यांत आखाती देश पुढे. आणि 2025 मध्ये बेलेमला ऐंशीहून जास्त देश इंधनांपासून दूर जायचा आराखडा मागत असताना अंतिम मजकुरात खनिज इंधनांचा थेट उल्लेखच राहिला नाही. दुबईत डॉक्टर सुलतानांच्या हातोड्याखाली जे वाक्य आलं ते तिथे पुढे सरकलं नाही. गमतीत म्हणायचं तर तेल कंपनीचा प्रमुख अध्यक्ष होता तेच बरं होतं. गमतीत नाही म्हटलं तरी मला थोडं तसं वाटतं.

मागच्या महिन्यात बहिणीचा फोन आला. तिच्या मुलाचं आयटीआय झालंय, फिटर. बारसूच्या वेळी तो सड्यावर होता, त्याचा एक फोटोही आलाय पेपरात, पाठमोरा, हातात बोर्ड. मुंबईच्या एजंटाकडून त्याला रुवैसचं ऑफर लेटर आलंय, रिफायनरीच्या शटडाऊनचं काम, तीन महिन्यांचं, पुढे वाढू शकेल. रुवैस म्हणजे अबू धाबीची मोठी रिफायनरी. आबांना सांगितलंस का, मी विचारलं. बहीण म्हणाली, त्यांनीच पासपोर्टच्या अर्जावर गावातली ओळख म्हणून सही दिली. मग भाच्याने फोन घेतला. मला वाटलं, तो काहीतरी त्या बाबतीत बोलेल, मी उत्तरही जुळवायला लागलो होतो. त्याने विचारलं, "मामा, अडीच हजार दिरहम लिहिलेत, बरे आहेत ना?" मी म्हटलं, "अडीच हजार बघू नकोस, त्यात बेसिक किती लिहिलंय ते आधी बघ. ओव्हरटाइम बेसिकवर मोजतात." कागद खडखडला. "बेसिक नऊशे. बाकी अलाउन्स." "मग तो लेटर मला व्हॉट्सअ‍ॅप कर आणि मी सांगेपर्यंत सही करू नकोस," मी म्हटलं.